महिन्याच्या मिस्सेला सासऱ्यांबद्दल बोलायचंय, त्यांच्या डायऱ्यांतलं काय घ्यावं?

गावठाणची_सून

सासरे (घरात सगळ्यांचे पप्पा) गेल्या महिन्यात वारले. वय ८४. महापालिकेच्या जल खात्यात मेकॅनिकल बाजूला होते. व्हीजेटीआयचे एल.एम.ई. (मेकॅनिकलची पदविका), १९६४ ला लागले, १९९९ ला निवृत्त झाले, शेवटची बरीच वर्षं पिसे-पांजरापूरच्या पंप केंद्रांवर. नंतर पॅरिशच्या (आमच्या भागातल्या चर्चच्या) फायनान्स कमिटीवर, गरिबांना मदत करणाऱ्या सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीत, आणि रोज सकाळची मिस्सा. मागे सासूबाई, दोन मुलगे, एक मुलगी, पाच नातवंडं.

येत्या शनिवारी संध्याकाळी महिन्याची मिस्सा, म्हणजे जाऊन महिना झाल्यावरची चर्चमधली उपासना आहे. फादरांनी चार मिनिटं दिलीत. बोलणार माझे मिस्टर, लिहायचं काम माझ्याकडे. कपाटात पप्पांच्या ड्युटीच्या डायऱ्या सापडल्या, पण त्यातलं निम्मं आम्हाला कळत नाही. नमुना देते:

"पं. ३ ग्लँड कुणीतरी आवळला. सैल करून दिला. ५० थेंब."
"०२.१० सप्लाय फेल. तिन्ही ट्रिप. एनआरव्ही बसला, आवाज नाही. एअर व्हेसल ठीक. सकाळची मिस्सा चुकली."
"पं. १ ब्रेग. ६४, ६७, ७१. ग्रीस देऊ नये."
"ओ.टी. फिका. कळवले."

मी केलेला मसुदा असा आहे: "पप्पा अत्यंत प्रेमळ, मनमिळाऊ, शिस्तप्रिय आणि कर्तव्यदक्ष होते. भातसा धरणाच्या उभारणीत त्यांचा सिंहाचा वाटा होता. मुंबईची तहान भागवण्यासाठी ते अहोरात्र झटले. आपल्या चर्चचं स्ट्रक्चरल ऑडिट त्यांनीच केलं. गोरगरिबांना त्यांनी सढळ हाताने मदत केली, आपल्या वाडीतल्या अनेक कुटुंबांना ते ठाऊक आहे."

वाचताना मलाच ते कुणाचंही वाटतंय. काय काढू, काय ठेवू? पेपरातली निधन वार्ता आणि पुढे निशवर (अस्थी ठेवायच्या कोनाड्यावर) लावायच्या पाटीबद्दलही सांगा.

पंपहाऊस_निवृत्त

ताई, आधी डायरी उलगडतो, मग मसुद्यातल्या दोन चुका.

ग्लँड म्हणजे पंपाचा शाफ्ट जिथून बाहेर येतो तिथलं तोंड. तिथे दोरीसारखं पॅकिंग भरलेलं असतं आणि वरून नटांनी दाबलेलं असतं. नवख्या माणसाला वाटतं, पाणी ठिबकतंय म्हणजे गळती, आवळा. पण ते ठिबकायलाच हवं. मिनिटाला साधारण ४० ते ६० थेंब पडले तर पॅकिंग थंड आणि ओलं राहतं. पूर्ण आवळलं की पॅकिंग कोरडं पडून जळतं, शाफ्टच्या स्लीव्हवर चरे पडतात, आणि मग कितीही नवं पॅकिंग भरा, गळती थांबत नाही. स्लीव्हच बदलावी लागते, म्हणजे पंप खोलणं आलं. "कुणीतरी आवळला, सैल करून दिला, ५० थेंब" याचा अर्थ त्यांनी नट दोन्ही बाजूंनी सारखे सैल केले, घड्याळ लावून थेंब मोजले आणि मगच पुढे गेले. शिस्तप्रिय हा शब्द तुम्हाला लिहावा लागणार नाही.

दुसरी नोंद सगळ्यांत मोलाची. तिन्ही पंप एकदम ट्रिप झाले, म्हणजे आपोआप बंद पडले, की चढत्या लाइनमधलं पाणी क्षणभर पुढेच जात राहतं, मागे दाब कोसळतो, आणि मग सगळा स्तंभ उलटा पंपाकडे येतो. मधली झडप, म्हणजे डायरीतला एनआरव्ही, नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, उलटा प्रवाह वेग घ्यायच्या आत बसली पाहिजे. उशिरा बसली तर दाण्‌कन आवाज होतो, त्या धक्क्याने जॉइंट उघडतो, कधी पाइपच फाटतो. एअर व्हेसल म्हणजे अर्धी पाण्याने अर्धी दाबाच्या हवेने भरलेली टाकी. दाब पडला की ती लाइनला पाणी देते, लाट परतली की तीच लाट पोटात घेते. त्यातली हवा कमी झाली असेल तर टाकी असून नसल्यासारखी, म्हणून तिची पातळी बघून "ठीक" लिहिलंय. आणि "आवाज नाही" ही नोंद मुद्दाम केलेली आहे. त्या रात्री ऐकायचं होतं ते हेच.

त्यानंतरचं काम डायरीत बहुधा पुढच्या ओळीत असेल, शोधा. वीज आली म्हणून लगेच बटण दाबायचं नसतं. पाणी मागे फिरल्याने पंप उलटा फिरत असू शकतो. तशात मोटर चालू केली तर शाफ्ट तुटतो. म्हणून शाफ्ट थांबलाय हे डोळ्यांनी बघायचं, डिलिव्हरी व्हॉल्व्ह (पंपातून पाणी बाहेर जातं तिथला) बंद करायचा, एक पंप चालू करायचा, व्हॉल्व्ह हळूहळू उघडायचा, लाइन भरून दाब स्थिर होईपर्यंत थांबायचं, मग दुसरा. तिन्ही पूर्ववत यायला तास-सव्वा तास सहज जातो. मिस्सा चुकणारच.

तिसरी नोंद बेअरिंगच्या (ब्रेग.) तापमानाची. ७१ अंश हा आकडा एकटा घाबरवणारा नाही, पुष्कळ ठिकाणी अलार्म ८० च्या पुढे आणि ट्रिप ९० च्या आसपास लावलेला असतो. पण तोच लोड असताना ६४, ६७, ७१ असा चढ दिसतोय, म्हणजे काहीतरी बिघडत चाललंय. "ग्रीस देऊ नये" हे का? तापलं की ग्रीस मारायची सवय सगळ्यांना असते, आणि जास्त ग्रीस भरलं की ते आतल्या आत घुसळून बेअरिंग आणखी तापतं. आधी अलाइनमेंट (पंप आणि मोटर एका रेषेत आहेत का) आणि त्यांना जोडणारं कपलिंग बघायचं.

ओ.टी. म्हणजे ऑर्थोटोलिडीन. नमुन्यात थेंब टाकले की क्लोरीनच्या प्रमाणात पिवळा रंग येतो. फिका म्हणजे क्लोरीन कमी. घरच्या नळाशी किमान ०.२ मिलिग्रॅम प्रति लिटर उरला पाहिजे, म्हणून केंद्रातून निघताना तो त्याहून बराच जास्त असावा लागतो. "कळवले" म्हणजे डोस वाढवायला सांगितलं.

आता मसुदा. भातसा धरण महापालिकेचं नाही, राज्य सरकारच्या पाटबंधारे खात्याचं. महापालिका काय करते, तर भातसातून नदीत सोडलेलं पाणी पिसे इथे उपसते, पांजरापूरला शुद्ध करते आणि पुढे मुंबईकडे पाठवते. भातसाचं पाणी मुंबईला मिळायला लागलं १९८१ पासून. तेव्हा "धरणाच्या उभारणीत सिंहाचा वाटा" काढा आणि "पिसे-पांजरापूरच्या पंपांवर" असं लिहा. मिस्सेला खात्यातले जुने लोक येतीलच, ते पहिल्याच वाक्याला एकमेकांकडे बघतील. कुणी भावनेच्या भरात मध्य वैतरणाही जोडायला सांगेल. ते धरण २०१४ चं, पप्पांच्या निवृत्तीनंतरचं. मोडक सागर १९५७ चं, ते लागायच्या आधीचं.

स्ट्रक्चरल ऑडिटचंही तेच. महापालिका कायद्याच्या कलम ३५३ब प्रमाणे तीस वर्षांवरच्या इमारतीला प्रमाणपत्र लागतं, आणि ते नोंदणीकृत स्ट्रक्चरल इंजिनियरच देतो. मेकॅनिकलच्या माणसाची सही तिथे चालत नाही. त्यांनी बहुधा अंदाजपत्रकं तपासली, कंत्राटदाराच्या मोजमापांवर नजर ठेवली, बिलं अडवली. कमिटीच्या इतिवृत्तात असेल, तिथून एक वाक्य घ्या.

तारखांसाठी नेमणुकीचं पत्र आणि पेन्शनचे कागद बघा. घरच्यांच्या आठवणीत एक-दोन वर्षं सहज इकडची तिकडे होतात. ५८ व्या वर्षी निवृत्ती, म्हणजे १९४१ चा जन्म, ते जुळतंय. आणि एल.एम.ई. ही पदविका आहे, कुणी "बी.ई." करून टाकेल. त्या काळी एल.एम.ई.ला काय मान होता ते जुन्या लोकांना विचारा, वाढवून सांगायची गरजच नाही.

पहिला_बाक

लिखाण होईल, पण शनिवारी संध्याकाळच्या मिस्सेचं एक लक्षात ठेवा: ती रविवारची धरली जाते. त्यामुळे वाचनं रविवारचीच होतील, तुम्हाला निवडता येणार नाहीत. पप्पांचं नाव इंटेन्शन म्हणून (ज्यांच्यासाठी मिस्सा आहे ते) घेतलं जाईल, तेवढंच. स्वतःची वाचनं हवी असतील (२ तीमथ्य ४:६-८ किंवा योहान १४:१-६ लोक घेतात) तर आठवड्याच्या मधल्या दिवशी मिस्सा मागा. विज्डमच्या पुस्तकातलं ३:१-९ घ्यायचं ठरवलंत तर कॅथलिक आवृत्तीच न्या. स्टॉलवर मिळणाऱ्या साध्या मराठी बायबलमध्ये ते पुस्तकच नसतं, आणि ऐन वेळी वाचन करणारा लेक्टर पानं उलटत बसतो.

बोलायची जागा: अंत्यविधीच्या मिस्सेत प्रवचनाच्या जागी गुणगान चालत नाही, रोमन मिस्सल या मिस्सेच्या ग्रंथाच्या नियमावलीत ३८२ व्या परिच्छेदात ते स्पष्ट आहे. घरच्या माणसाने चार शब्द बोलायचे ते कम्युनियननंतरची (प्रसाद दिल्यानंतरची) प्रार्थना झाल्यावर. महिन्याच्या मिस्सेलाही बहुतेक पॅरिश हीच पद्धत ठेवतात. लोक तेव्हा बसलेले असतात, शेवटचा आशीर्वाद बाकी असतो, त्यामुळे चारची सात मिनिटं झाली की मागचे बाक रिकामे व्हायला लागतात. काही फादर मिस्सेत अजिबात देत नाहीत, बाहेर हॉलमध्ये चहाच्या वेळी बोला म्हणतात. तुम्हाला चार मिनिटं मिळालीत, ती पाळा. मजकूर आदल्या दिवशी फादरांना दाखवा.

वाचनपीठावरून बोलू नये. ते शास्त्रवाचनासाठी राखलेलं. बाजूचा कॉयरचा स्टँड किंवा हातातला माइक घ्या.

चार मिनिटं म्हणजे सावकाश वाचून चारशे ते साडेचारशे शब्द. जुन्या उंच छताच्या देवळात आवाज घुमतो, म्हणून वाक्यं आखूड ठेवा आणि पूर्णविरामाला खरंच थांबा. छापताना अठरा पॉइंट, दोन ओळींत भरपूर अंतर, कागदाच्या एकाच बाजूला, आणि पानाचा शेवट वाक्याच्या शेवटी. वाक्य पुढच्या पानावर गेलं की तिथेच गळा भरून येतो. स्टेपल करू नका, जाड फाइलला लावा, भिंतीवरचा पंखा सुटे कागद उडवतो. माइक वीतभर लांब. आणि दुसरी एक प्रत धाकट्या भावाच्या खिशात. मिस्टरांचा आवाज गेला तर तो उठून तिथूनच पुढे वाचेल, हे आधीच ठरवून ठेवा म्हणजे कुणाला अवघडल्यासारखं होत नाही.

ऑफर्टरीला, म्हणजे अर्पणाच्या वेळी, त्यांचं हेल्मेट, पान्हा, डायरी वेदीवर न्यायची कल्पना कुणीतरी काढेलच. अर्पणात भाकर, द्राक्षरस आणि गरिबांसाठीच्या वस्तू. हेल्मेट न्यायचंच तर मिस्सेच्या आधी फोटोजवळच्या टेबलावर ठेवा.

आता सोसायटीबद्दल. मसुद्यातलं शेवटचं वाक्य पूर्ण काढा. सेंट व्हिन्सेंट डी पॉलच्या माणसाने कुठल्या घरी भेट दिली, कुणाला रेशन, कुणाला शाळेची फी, हे बाहेर बोलायचं नसतं. "आपल्या वाडीतल्या अनेक कुटुंबांना ते ठाऊक आहे" म्हटलं की ती कुटुंबं त्याच बाकांवर बसलेली असणार, आणि आजूबाजूचे माना वळवणार. "इतकी वर्षं ते सोसायटीचे सभासद होते, आठवड्याची भेट चुकवत नसत" एवढंच पुरे, आणि वर्षांचा आकडा कॉन्फरन्सच्या (सोसायटीच्या पॅरिशमधल्या शाखेच्या) सेक्रेटरीकडून घ्या.

चर्चच्या बाकीच्या तारखांसाठी एकच कागद लागतो. ज्या पॅरिशमध्ये बाप्तिस्मा झाला तिथला दाखला काढा. बाप्तिस्म्याच्या नोंदीशेजारी दृढीकरण आणि लग्न यांचीही नोंद केलेली असते, त्यामुळे सगळं एका जागी मिळतं.

नाना_मालाड

सगळं ठीक, पण चर्चमध्ये थेंब आणि बेअरिंग कोण ऐकणार? बायका-मुलं, शेजारी, म्हातारी माणसं येतात. माणूस कसा होता ते सांगा, पंप कसा होता ते नाही. नातवंडांचं काहीतरी टाका.

तिसरं_प्रूफ

नानांचं अर्धं बरोबर. चार नोंदी वाचल्यात तर खात्याची सभा होईल. पण एक नोंद घ्या, नीट समजावून. ऐकणारा प्रत्येकजण आयुष्यभर नळाच्या वेळेवर उठलेला आहे, त्याला पाणी हा विषय परका नाही. चावीवाला कधी येतो आणि पाणी किती वाजता जातं हे इथे पोरांनाही ठाऊक असतं. त्याच्या अलीकडे, पाइपाच्या दुसऱ्या टोकाला कोण जागं होतं, एवढंच सांगायचंय.

ग्लँडची नोंद मोहात पाडणारी आहे, पण ती समजावायला चार वाक्यं लागतात. वीज गेल्याची दोन वाक्यांत होते, आणि मिस्सा तिच्यातच आहे. इंजिनियर आणि चर्च यांना जोडायला वेगळा परिच्छेद लिहावाच लागत नाही.

असं काहीतरी बघा:

"पप्पा १९६४ साली महापालिकेच्या जल खात्यात लागले आणि १९९९ साली निवृत्त झाले. शेवटची वर्षं ते पिसे-पांजरापूरच्या पंपांवर होते. त्यांच्या डायरीत एका रात्रीची नोंद आहे. दोन वाजून दहा मिनिटांनी वीज गेली. तिन्ही पंप थांबले. पंप असे थांबले की पाइपातलं पाणी उलटं फिरतं, आणि झडप वेळेवर बसली नाही तर पाइप फुटू शकतो. पप्पांनी पुढे लिहिलंय: झडप बसली, आवाज नाही. सकाळी अंधेरीत नेहमीच्या वेळेला पाणी आलं. आणि त्या पानावर शेवटची ओळ आहे: सकाळची मिस्सा चुकली."

"प्रेमळ, मनमिळाऊ, कर्तव्यदक्ष" सगळे काढा. अहोरात्रही काढा, ते तीन पाळ्यांतल्या एका पाळीत काम करत होते आणि त्यात काही कमीपणा नाही.

घरचा भाग मात्र डायरीतून येणार नाही, तो तुम्हीच लिहायचा. तिथेही एकच गोष्ट, पण हातात धरता येईल अशी. घरात त्यांनी काय दुरुस्त केलं आणि कसं? कुणाचा अभ्यास घेतला? पगाराच्या दिवशी काय आणत? पाचही नातवंडांची नावं घ्यायची असतील तर वयाच्या क्रमाने, एकही न गाळता. एक सुटलं तर ते पोर वीस वर्षांनी सांगेल.

पंपहाऊस_निवृत्त

एक ओळ खटकली. "सकाळी अंधेरीत नेहमीच्या वेळेला पाणी आलं" हे डायरीत नसेल तर लिहू नका. वाटेत जलाशय असतात, त्यांत साठा असतो. पंप तासभर थांबले म्हणून लगेच नळ कोरडा पडत नाही, आणि त्यांच्यामुळेच पाणी आलं असं त्या एका रात्रीवरून सिद्धही होत नाही. त्याऐवजी पंप पुन्हा कधी चालू झाले ती वेळ द्या, ती त्यांनी नक्की लिहिली असणार. शिवाय पानाच्या वर केंद्राचं नाव बघा. पिसे असेल तर पिसेच लिहा. पिसेला नदीचं कच्चं पाणी उपसतात, पांजरापूरला शुद्ध केलेलं. दोन वेगळी कामं आहेत. क्लोरीनची नोंद आहे म्हणजे कधीतरी ते पांजरापूरला होतेच, पण ही रात्र कुठली ते पानच सांगेल.

गावठाणची_सून

पान पाहिलं. वर "पांजरापूर" आहे. आणि पुढची ओळ खरंच आहे: "०३.२५ तिसरा पंप चालू. दाब पूर्ववत ०३.५०." म्हणजे अंधेरीचं वाक्य काढून हे घालते.

घरचा भाग: पप्पा दर रविवारी मिस्सेहून आल्यावर घरातले सगळे नळ एकेक उघडून बघायचे आणि ज्याचा वॉशर गेला असेल तो बदलायचे. वॉशर जुन्या ट्यूबमधून कापायचे. मुलांना पट्टी धरायला बसवायचे. नानांना चालेल ना?

नाना_मालाड

चालेल. पट्टी कुणी धरली त्या नातवंडाचं नाव घ्या, म्हणजे ते बाकावर ताठ बसेल.

पहिला_बाक

वॉशरचं वाक्य आधी, पांजरापूरची रात्र नंतर. उलट केलंत तर मिस्सा चुकल्याच्या ओळीनंतर पुन्हा घरात यावं लागतं आणि सूर उतरतो. सोसायटी आणि कमिटी या दोन्हींना मधे एकेक वाक्य. शेवटी लोकांचे आभार थोडक्यात: फादर, कॉयर, आजारपणात कम्युनियन घरी आणून देणारे. डॉक्टरांची आणि हॉस्पिटलची यादी वाचू नका, कुणीतरी राहतंच.

तिसरं_प्रूफ

आता पेपर आणि पाटी.

मराठी पेपरांत दोन प्रकार असतात. निधन वार्ता ही बातमी, पैसे लागत नाहीत, पण छापायची की नाही आणि किती कापायची हे त्यांच्या हातात, आणि महिना उलटल्यावर ती कुणी घेत नाही. तुम्हाला आता जाहिरातच द्यावी लागेल. दर चौरस सेंटिमीटरवर असतो, त्यामुळे आधी मजकूर ठरवा, मग आकार विचारा. मृत्यूच्या दाखल्याची प्रत आणि देणाऱ्याचं ओळखपत्र मागतात, बरोबर ठेवा. प्रूफ मागून घ्या आणि फोनवर वाचून घेऊ नका, डोळ्यांनी बघा. नेहमी चुकतं ते असं: नावाआधी ऑपरेटर सवयीने "कै." टाकतो. तुमच्याकडे "ख्रिस्तवासी" किंवा नुसतं "दिवंगत" लिहा म्हणून सांगा. "अस्थिविसर्जन" आणि "उत्तरकार्य" हे तयार साच्यातले शब्दही कधी कधी तसेच राहून जातात.

इंग्रजी वाचणारे नातेवाईक असतील तर आर्चडायोसीजच्या "दि एक्झामिनर" या साप्ताहिकातही अशा जाहिराती येतात.

आडनावाचं देवनागरी लेखन आज एकदाच ठरवा. पोर्तुगीज आडनावं घरात तीन तऱ्हेने लिहिली जातात, परेरा-पेरेरा, रॉड्रिग्ज-रॉड्रिक्स. दाखल्यावर, पेपरात, पाटीवर आणि मिस्सेच्या पत्रिकेवर वेगवेगळं आलं तर नंतर बँकेत त्रास होतो तो वेगळाच. आधार आणि पेन्शनच्या कागदावर जे आहे तेच धरा.

"त्यांच्या पश्चात" या वाक्यात पत्नी, मुलगे-सुना, मुलगी-जावई, नातवंडं या क्रमाने जा. पप्पांची बहीण किंवा भाऊ हयात असेल तर तेही. आधी गेलेलं अपत्य असेल तर सासूबाईंना विचारूनच नाव घ्या किंवा गाळा.

पाटीची घाई करू नका. मुंबईत बहुतेक पॅरिशमध्ये जागेअभावी कबर तात्पुरती असते. ठराविक मुदतीनंतर ती उघडून अस्थी निशमध्ये ठेवतात. कबरीवर आत्ता महागडी संगमरवरी पाटी लावलीत तर ती काढावीच लागते, आणि बहुतेक वेळा काढताना तुटते. तोवर लाकडी क्रूस आणि रंगवलेलं नाव पुरे. मुदत किती, निश कुणाच्या नावावर, वार्षिक फी काय, हे पॅरिश ऑफिसात आत्ताच लिहून घ्या.

निशची पाटी साधारण फूटभर. तीवर नाव, जन्म-मृत्यूची वर्षं आणि फार तर एक ओळ मावते. देवनागरी अक्षर अर्ध्या इंचाहून बारीक कोरू नका, वेलांट्या आणि मात्रा दगडात तुटतात आणि "रि" चा "र" होतो. काळ्या ग्रॅनाइटवरचा सोनेरी रंग उघड्या जागी काही पावसाळ्यांत उडतो. पांढऱ्या संगमरवरात कोरून शिसं भरलेली अक्षरं जास्त टिकतात, पण शिसं भरणारे कारागीर आता थोडे उरलेत, शिवडीच्या दफनभूमीबाहेर चौकशी करा. कोरायच्या आधी कारागीर दगडावर पेन्सिलीने आखतो. ते आखलेलं सासूबाईंना आणि अजून एका माणसाला वाचायला द्या, फोटोवरून नाही, समोर उभं करून.

पंपहाऊस_निवृत्त

आणि डायऱ्या रद्दीत देऊ नका. प्रत्येक पानाचा फोटो काढा, तारखेप्रमाणे नाव द्या. कागदाला वाळवी लागू नये म्हणून कपाटात भिंतीपासून लांब ठेवा, रबरबँड काढून टाका, ते वितळून पानांना चिकटतात. ग्लँडच्या आणि ब्रेगच्या बाकीच्या नोंदी कळत नसतील तर इथे टाका.